कासवाची पाठ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे हमालांच्या प्रश्नावर भाषण मागितले होते. आम्ही कासवावर बोलतो म्हटल्यावर ते जरा गोंधळले. परंतु हमाल आणि कासव, दोघांच्याही पाठीविषयी लोकांचा समज एकच आहे : ती टणक आहे, तिला काही होत नाही. हळदीच्या पोत्यांखालच्या पाठी पाहण्यात आमचे आयुष्य गेले, तेव्हा हमालाच्या बाबतीत आमची फसगत होणे नव्हते. कासवाच्या बाबतीत झाली, आणि तीही आमच्याच घरात.

काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या मुलीने शहरातल्या एका दुकानातून दोन कासवे आणली. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, हिरवीगार, डोळ्यामागे तांबडा पट्टा. दुकानदाराने काचेचे भांडे दिले, सुक्या खाद्याची डबी दिली आणि ही एवढीच राहतात असे सांगितले. हे कासव मूळचे अमेरिकेतले. त्याची मादी वाढली म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी होते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षेही जगते. हे आम्हांस कळले ते फार उशिरा.

भांडे खिडकीशी ठेवले होते. बंद तावदानातून सकाळचे ऊन त्यावर पडे, त्यामुळे उन्हाची सोय झाली अशी आमची समजूत. चार-पाच महिन्यांनी एकाच्या पाठीची कड वर वळू लागली. बोट लावले तर ओल्या पुठ्ठ्यासारखी दबे. आम्ही म्हणालो, लहान आहे, पुढे टणक होईल. पुढे त्याचे डोळे सुजून मिटले, खाणे सुटले आणि एके सकाळी ते पाण्यावर तरंगताना दिसले. पोर दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

दुसऱ्याला घेऊन आम्ही पशुवैद्याकडे गेलो, आणि मग पुस्तके धुंडाळली. शाळा आमची लवकर सुटली, त्यामुळे गरज पडल्यावर वाचण्याची सवय आहे. पहिली गोष्ट कळली ती ही की, कासवाची पाठ हे घर नव्हे आणि चिलखतही नव्हे. बरगड्या आणि कणा पसरून एकमेकांत मिसळले म्हणजे ती पाठ होते. वर नखासारख्या पदार्थाचे खवले, खाली जिवंत हाड. त्यात रक्त आहे, जाणीव आहे. कोणी हौसेने तिच्यावर रंग देतात, कोणी भोक पाडून दोरी ओवतात. आपल्या बरगडीला कोणी भोक पाडले तर काय होईल, एवढे मनात आणावे.

हाड म्हटले की कॅल्शियम आले. ते अंगी लागावयास ड जीवनसत्त्व पाहिजे, आणि ते कातडीत तयार होण्यास उन्हातले अतिनील किरण पाहिजेत. नेमके हेच किरण खिडकीची साधी काच अडविते. उजेड आत येतो, ऊब आत येते, आणि हवे ते बाहेर राहते. १९४८ च्या कारखाना कायद्यातली हवा-उजेडाची कलमे आम्ही गेटावर उभे राहून लोकांना समजावीत आलो, आणि आमच्या टेबलावर हे चालले होते!

आता करावयाचे काय? पसरट टब घ्यावा, पाणी पोहण्याइतके खोल असावे, आणि अंग पूर्ण कोरडे होईल अशी बाहेर चढून बसण्याची जागा असावी. दोन विटांवर फरशीचा तुकडा चालतो. सतत ओली राहणारी पाठ कुजते. सकाळचे ऊन थेट मिळावे, मात्र निम्म्या टबावर सावली हवीच. आपल्या मराठवाड्यातल्या वैशाखात उथळ पाणी बघता बघता तापते, आणि कासवाला घाम येत नाही. खाण्याला नुसती सुकी कोळंबी किंवा बिस्किटे घालू नयेत. गांडूळ, काट्यांसकट लहान मासळी, शेवग्याचा पाला द्यावा. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस पाण्यात टाकला तर ते कुरतडत बसते. पाणी गढूळ दिसण्याची वाट न पाहता बदलावे. नंतर हात साबणाने धुवावेत, मुलांचे विशेषतः. कासवांच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंनी मुले आजारी पडत, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकण्यास बंदी घातली.

कांद्याच्या पापुद्र्यासारखा खवला आपोआप सुटला तर भिऊ नये. ती वाढ आहे. ओढून मात्र काढू नये. पण पांढरट डाग, खड्डा, दुर्गंधी, किंवा पोटाकडच्या बाजूस लाली दिसली तर पशुवैद्य गाठावा. आपल्या हळदीच्या मुलखात पहिला हात हळद-तेलाकडे जातो. वर लेप बसतो आणि आत कुजणे चालूच राहते. पाठीला तडा गेला म्हणजे तो अस्थिभंग. तो लुकण भरून बुजवू नये.

एक निराळी गोष्ट. पाणी स्वच्छ राहते म्हणून आपल्याकडे विहिरीत कासव सोडतात. ते बहुधा आपले देशी, मऊ पाठीचे. त्याच्या पाठीवर खवले नसतात, कातडी असते. त्यामुळे कड मऊ लागली तर तो रोग नव्हे. उन्हाळ्यात तळे आटले म्हणजे हे चिखलात गाडून घेऊन दिवस काढते. पण उभ्या विहिरीत त्याला ना चिखल, ना काठ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. ते पकडणे, विकणे, घरी ठेवणे गुन्हा आहे. कोणाकडे असेल त्याने वनखात्यास कळवावे.

परदेशी कासव वाढले की लोकांना त्याचा कंटाळा येतो आणि ते नदीत, तळ्यात सोडले जाते. ते तिथे जगते, ही खरी अडचण. आपल्या कासवांचे खाणे आणि उन्हाच्या जागा ते बळकावते. आमचे मत विचाराल तर नवीन कोणी आणूच नये. ज्यांनी आणले त्यांनी ते शेवटपर्यंत सांभाळावे.

आमचे दुसरे कासव आता गच्चीवरच्या सिमेंटच्या टाक्यात आहे. पाठ दाबून पाहिली तर दबत नाही, पण डाव्या बाजूचा खोलगटपणा गेलेला नाही. पाणी बदलण्याचा वार मुलीने भिंतीवर लिहून ठेवला आहे, आणि त्या दिवशी आम्हांस युनियनच्या सभेलाही उशीर चालतो.