वाचलेले मनात का राहत नाही?

(अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या एकत्रित प्रशिक्षणवर्गात केलेले भाषण)



"वाचतो, पण लक्षात राहत नाही" ही तक्रार पूर्वी परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या तोंडी ऐकू येई. आज ती कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीतही ऐकू येते. पाच पानी शासन निर्णय वाचून संपतो आणि तासाभराने कोणी विचारले की, लाभार्थी कोण व अर्ज कोणाकडे करायचा, तर पुन्हा कागद शोधावा लागतो. विद्यार्थ्याच्या विसरण्याची किंमत तो स्वतः मोजतो. आपल्या विसरण्याची किंमत बहुधा खिडकीपलीकडे उभा असलेला माणूस मोजत असतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ६ घ्या. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यास माहिती अधिकाऱ्याने साहाय्य करावे. माहिती कशासाठी हवी याचे कारण अर्जदारास विचारू नये. विषय दुसऱ्या प्राधिकरणाचा असेल तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे हस्तांतरित करून अर्जदारास तसे कळवावे. हे कलम कधीच न वाचलेला माहिती अधिकारी विरळा. तरीही "हा विषय आमच्याकडे येत नाही" असा शेरा मारून अर्ज परत केला जातो आणि "कशाला हवी ही माहिती?" हा प्रश्न सहज विचारला जातो. प्रत्येक वेळी त्यामागे दुष्ट हेतूच असतो असे मानण्याचे कारण नाही. वाचलेले कलम कामाच्या क्षणी आठवले नाही, हेही पुष्कळदा खरे असते. अर्जदाराला त्या दोहोंतील फरक कळत नाही आणि त्याने तो कळून घ्यावा अशी अपेक्षाही करता येत नाही.

"लक्षात राहत नाही" असे म्हणताना आपण दोन निराळ्या गोष्टी एकत्र करतो. कधी मजकूर मनात शिरलेलाच नसतो. कधी तो शिरतो, पण टिकत नाही. दोहोंवर उपाय वेगळे आहेत.

पहिली गोष्ट अवधानाची. डोळे ओळींवरून सरकत असतात, पानही उलटले जाते, मन मात्र उद्याच्या लेखापरीक्षणात गुंतलेले असते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिले की, एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला, तरी त्याच्या अवधानाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळतो. आपल्या कचेऱ्यांतील दिवस आठवा. एक नस्ती उघडली की दूरध्वनी वाजतो, तेवढ्यात अभ्यागत येतो, मग भ्रमणध्वनीवर "तातडीचे" म्हणून आणखी एक परिपत्रक येऊन पडते. अशा वेळी वाचन हे नावापुरतेच वाचन असते. यावर एक साधा इलाज आहे. हातातील काम सोडण्यापूर्वी आपण कोठे थांबलो आणि पुढे काय करायचे हे एका ओळीत लिहून ठेवावे. मनावरील ओझे कागदावर उतरले की, पुढील कामाकडे लक्ष अधिक मोकळेपणाने जाते. महत्त्वाच्या वाचनासाठी सकाळचा अर्धा तास राखून ठेवता आला तर फारच उत्तम. मात्र वरिष्ठांनी तो राखू दिला पाहिजे, हेही येथेच सांगितलेले बरे.

दुसरी अडचण खुद्द मजकुरातच असते. एका वेळी मनात किती गोष्टी धरून ठेवता येतात याचा विचार करताना जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सात हा आकडा सुचवला होता. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो चारच्या आसपास आणला. आता आपली शासकीय मराठी पाहा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. "ज्या लाभार्थ्यांनी यापूर्वी, अन्य कोणत्याही योजनेखाली, स्वतः अथवा कुटुंबातील व्यक्तीच्या नावे" असे सुरू झालेले वाक्य सहा ओळी चालते आणि "अनुज्ञेय राहणार नाही" येथे संपते. तो "नाही" येईपर्यंत वाचकाने सारी ओझी डोक्यावर तोलून धरायची! त्यातले एखादे निसटले, तर दोष वाचकाचाच म्हणता येणार नाही. म्हणून लांबलचक वाक्य आले की, प्रथम शेवटचे क्रियापद पाहावे, मग कर्ता शोधावा आणि अटी त्यानंतर वाचाव्यात. मसुदा लिहिणाऱ्यांना वेगळे काही सांगण्याची गरज नसावी.

शासन निर्णयाच्या आरंभी "वाचा" या शब्दाखाली पूर्वीच्या निर्णयांचे क्रमांक व दिनांक दिलेले असतात. बहुतेक जण नेमका हाच भाग वगळतात. नवा निर्णय जुन्यातील कोणती अट बदलतो हे तेथूनच कळायचे असते. जुन्याशी सांधा जुळला की नवे मनात बसते. सुटा तुकडा लवकर गळून पडतो.

आता टिकण्याविषयी. हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली विस्मरणाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचे. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, एका दिवसाने सुमारे एकतृतीयांश, तर महिन्याने सुमारे २१ टक्के श्रम वाचले. प्रशिक्षणवर्गांत हेच आकडे "माणूस एका दिवसात सत्तर टक्के विसरतो" अशा रूपात सांगितले जातात. ते बरोबर नाही. हे मोजमाप निरर्थक अक्षरांचे होते. अर्थपूर्ण मजकूर याहून सावकाश विसरला जातो. मात्र विस्मरणाचा मोठा वाटा आरंभीच घडतो, हा त्याचा निष्कर्ष पुढेही टिकून राहिला.

मग पुन्हा पुन्हा वाचावे काय? येथे आपली समजूत आपल्याला फसवते. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली अमेरिकेतील विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, मिटून आठवणाऱ्यांना ५६. याच संशोधनात पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला अधिक आठवेल असा विश्वास वाटत होता. ओळखीचा झालेला मजकूर आपल्याला येतो असे वाटते. पण ओळख पटणे आणि आठवणे या भिन्न गोष्टी आहेत.

आपल्याकडील जुन्या पिढीला हे प्रयोगावाचून ठाऊक होते. दिवेलागणीला घरोघरी परवचा म्हटला जाई. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. हातात पुस्तक नाही, समोर आजोबा बसलेले आणि चूक झाली की तेथेच दुरुस्ती. दररोज, थोडे थोडे, न पाहता. पुढे आपण याला घोकंपट्टी म्हणून हिणवले. ती टीका निम्मी खरी होती. अर्थ न कळता म्हणणे हा दोष होता, न पाहता म्हणणे हा नव्हे. दोष काढताना आपण गुणही टाकून दिला. शिक्षकबंधूंनी धडा संपताच पुस्तके मिटवून पाच मिनिटे मुलांना आठवू द्यावे आणि आठवड्याने तेच दोन प्रश्न पुन्हा विचारावेत. त्याला गुण मात्र देऊ नयेत, नाहीतर तीही परीक्षाच होऊन बसेल.

सर्वच अडचणी सवयीच्या नसतात. चाळिशीनंतर जवळचे अक्षर अंधूक होते आणि कितीतरी सदस्य चष्म्यावाचून दिवस काढतात. झोप अपुरी असेल, मनाला घोर लागला असेल, तर उत्तम पद्धतही तोकडी पडते. एखाद्या मुलाला वाचनाचीच मूलभूत अडचण असू शकते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला आहे, तेव्हा अशा मुलाला आळशी ठरवण्याआधी तपासणी करून घ्यावी.

आणि आपल्या सदस्यभगिनींविषयी. २०११ पासून राज्यातील पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. घरचे सारे आवरून रात्री दहा वाजता कागद उघडणाऱ्या भगिनीला "तुम्हाला कळणार नाही, मी वाचले आहे, येथे सही करा" असे सांगणारे गावोगाव भेटतात. ज्याला वाचलेले आठवते, सभेत शब्द त्याचाच चालतो. म्हणून बैठकीची कार्यसूची आणि सोबतचे कागद आधी घरी पोहोचले पाहिजेत. बैठकीत नवे परिपत्रक वाचण्यापूर्वी मागच्या वेळचे काय सांगत होते, हे अध्यक्षांनी एकेका सदस्याला कागद न पाहता विचारावे. पहिल्या दोन बैठकांत शांतता पसरेल. तिसऱ्या बैठकीला सदस्य वाचून येतील.

आता मी थांबतो. आपल्या पुढ्यात एक कोरा कागद ठेवला आहे. भाषणाच्या आरंभी कलम ६ मधील तीन गोष्टी सांगितल्या होत्या. शेजाऱ्याकडे न पाहता त्या लिहाव्यात. नंतर अधिनियमाची प्रत उघडून आपण त्या ताडून पाहू.