पदवीनंतरची वर्षे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांची यादी वाचली जाते. ते योग्यच आहे. तथापि आज मी अशा विद्यार्थ्यांविषयी बोलणार आहे, ज्यांची नावे या यादीत कधीच येत नाहीत. पदवी मिळाली, एम.एस्सी. झाले, तरीही जे पुढची चार-पाच वर्षे एखाद्या प्रयोगशाळेत किंवा रानावनात काढतात, ते संशोधक विद्यार्थी. मी स्वतः केवळ मॅट्रिक. त्यापुढील माझे शिक्षण म्हणजे अध्यापक विद्यालयातील दोन वर्षे. मला या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. अधिकार नाही. परंतु माझ्या माथ्यावर एक ऋण आहे, ते मी शेवटी सांगणार आहे.

माझी एक पुतणी मनुष्याच्या हालचालींच्या शास्त्रात संशोधन करते. लग्नकार्यात भेटली की नातलग तिला विचारतात, “संपले का तुझे?” एका वडीलधाऱ्या बाईंनी तर “लोकांना चालायला शिकविण्यासाठी एवढे शिकावे लागते काय?” असेही विचारले. गेल्या वर्षी तिने मला आपली प्रयोगशाळा दाखविली. तेथे जमिनीत एक चौकोनी पाटी बसविलेली आहे. तीवर पाऊल पडले की पायाने जमिनीला किती जोराने आणि कोणत्या दिशेने रेटले, याची नोंद होते. सभोवार कॅमेरे आहेत. माझ्या घोट्यांना, गुडघ्यांना व कमरेला चकाकणाऱ्या लहान गोळ्या चिकटवून तिने मला दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालविले. “नीट चाल रे!” असे आयुष्यभर मुलांना दटावणाऱ्या मास्तराला त्या दिवशी कळले की, चालणे म्हणजे दर पावलाला थोडेसे पुढे पडणे आणि पडता पडता सावरणे. वय वाढले की पाऊल आखूड होते आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असण्याचा काळ वाढतो. हा बदल माणूस पडण्यापूर्वी किती आधी ओळखता येईल, एवढाच तिचा प्रश्न आहे. न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडल्यावर अंथरुणाला खिळलेली माझी आई मला त्या वेळी आठवली. त्या बाईंना काय उत्तर द्यावे, हेही तेव्हाच सुचले. पण त्या आता ऐकू येत नाही म्हणतात.

शाळेत आम्ही जी गणिते घालीत असू, त्यांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली असत. हुशार मुले ती पाने आधी पाहून ठेवीत, हे आम्हांस ठाऊक होते. संशोधकाच्या पुस्तकाला ती पाने नसतात. मार्गदर्शक असतो, पण उत्तर त्यालाही माहीत नसते. ही गोष्ट ध्यानी आली म्हणजे इतकी वर्षे का लागतात, याचे आश्चर्य वाटेनासे होते.

पुतणीनेच मला सुझान सिमार्ड या कॅनडातील बाईंची हकीकत सांगितली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जंगल तोडल्यावर तेथे डग्लस फर नावाच्या वृक्षाची रोपे लावीत, कारण त्याचे लाकूड चांगल्या किमतीस जाते. आपोआप उगवणारा बर्च, म्हणजे आपल्या हिमालयातील भूर्जाचा भाऊबंद, हा मात्र तण समजला जाई. तो फरचा प्रकाश व पाणी हिरावतो, म्हणून त्याला तोडीत किंवा तणनाशक फवारून मारीत. सिमार्डबाई वनखात्याच्या कामावर होत्या. बर्च काढून टाकलेल्या जागी फरची झाडे कित्येकदा मुळांच्या रोगाने मरतात, असे त्यांच्या दृष्टीस पडले. शत्रू गेला तर पीक जोमदार व्हावयास हवे. मग हे असे का?

ऑरेगन राज्य विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी त्यांनी हाच प्रश्न घेतला. बर्च, फर आणि तांबडा सीडर यांची रोपे जंगलातच जवळजवळ लावली. मग रोपांवर पिशव्या बांधून एका जातीला एका प्रकारच्या कर्बाचा वायू दिला, तर दुसरीला दुसऱ्या प्रकारच्या कर्बाचा. त्यांतील एक कर्ब किरणोत्सर्गी होता. दोन्ही कर्बांवर जणू खूणच केलेली असल्यामुळे कोणाचे अन्न कोठे गेले, हे नंतर रोपे तपासून काढता येत होते. बर्चच्या पानांत शिरलेला कर्ब फरमध्ये सापडला, आणि फरचा बर्चमध्ये. देवघेव दोन्ही बाजूंनी होती, परंतु जमाखर्च मांडला तर फरच्या पदरात अधिक पडत होते; आणि फर जितका गडद सावलीत, तितके त्याला अधिक मिळत होते. बर्च आणि फर यांच्या मुळांवर एकाच जातीची बुरशी वाढते, तिचे तंतू मातीतून एका मुळापासून दुसऱ्या मुळापर्यंत जातात. सीडरच्या मुळांवरची बुरशी निराळ्या जातीची. त्याच्या वाट्याला फारच थोडे आले. १९९७ साली हा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला.

येथेच थांबलो तर ती कीर्तनातली कथा होईल. पुढे या शोधावर लोकांनी वाटेल तसे इमले रचले. झाडे एकमेकांशी बोलतात, वडील झाड पिलांना भरविते, असेही सांगण्यात येऊ लागले. २०२३ साली तीन शास्त्रज्ञांनी, एवढे म्हणण्यास रानातला पुरावा पुरेसा नाही, असे बजावले. या तिघांपैकी एक मेलनी जोन्स. त्या १९९७ च्या निबंधाच्या सहलेखिका होत्या! स्वतः ज्या कामात हात लावला, त्याच्याच गाजावाजाला पंचवीस वर्षांनंतर लगाम घालणारी ही वृत्ती मला त्या शोधाइतकीच मोठी वाटते.

आपल्याकडे कमलाबाई सोहोनी होऊन गेल्या. माहेरच्या त्या कमला भागवत, विदुषी दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. बाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष परीक्षा पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले, आणि पुढे १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. मिळविली. केंब्रिजला जाऊन त्यांनी बटाट्यासारख्या वनस्पतीत, पेशीच्या श्वसनास लागणारे सायटोक्रोम-सी नावाचे द्रव्य शोधले. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघा ४० पृष्ठांचा! जाडजूड ग्रंथ पाहून विद्वत्ता मोजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मुंबईस परतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला. आदिवासी मुलांच्या कुपोषणावर त्याचा उपयोग झाला.

आता त्या ऋणाविषयी. सुमारे चौदा वर्षांपूर्वी मी आपल्या शिष्यवृत्ती समितीचा चिटणीस होतो. एस.टी.तील एका वाहकाची मुलगी अर्ज घेऊन आली. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. आपल्या डोंगरातल्या देवराईतील झाडांच्या मुळांवर कोणती बुरशी असते, बाहेरच्या रानात ती आढळते की नाही, हे तिला पाहावयाचे होते. सरकारी विद्यावेतन मिळेपर्यंत एक वर्षाची सोय हवी होती. मी नियमावली उघडून नियम दाखविला: साहाय्य पदवी परीक्षेपर्यंतच. येथे थांबलो असतो तरी चालले असते. परंतु नियमात नसलेले एक वाक्य मी पदरचे जोडले: “बाळ, आता आणखी किती शिकणार?” तिने नमस्कार केला आणि ती गेली. पुढे पतपेढीत नोकरीला लागली. तिचे बरे चालले आहे. कीव करावी असे काही नाही. परंतु पुतणीकडून सिमार्डबाईंची हकीकत ऐकताना बुरशीचा उल्लेख आला आणि तो अर्ज माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या मुलीचा प्रश्न किती योग्य होता, हे त्या वेळी मला कळले नव्हते. आणि ते कळून घेण्यासाठी मी तिला एक प्रश्नही विचारला नव्हता.

म्हणून आजच्या सर्वसाधारण सभेपुढे मी अशी सूचना मांडतो की, शिष्यवृत्तीच्या नियमातील “पदवी परीक्षेपर्यंत” हे शब्द वगळावेत, आणि दरवर्षी निदान एका संशोधक विद्यार्थ्यास निधीतून साहाय्य द्यावे. माझ्या निवृत्तिवेतनातून दरमहा पाचशे रुपये या कामी जमा होतील. अर्जात विद्यार्थ्याने आपला प्रश्न काय, तो साध्या मराठीत एका पानात लिहावा. समितीने तो वाचावा आणि मगच त्याच्या घरच्या परिस्थितीची चौकशी करावी. अर्जाचा नवा नमुना तयार आहे. तो मी लिहिलेला नाही. ती मुलगी, आता दोन लेकरांची आई, येथे चौथ्या रांगेत बसली आहे. ही हकीकत सांगू का, असे मी तिला आधी विचारले, तेव्हा तिने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी हा कागद स्वतः आणून दिला. तो मी चिटणिसांच्या स्वाधीन करतो. सूचनेला कोणी तरी अनुमोदन द्यावे.