जुनी बॅटरीगाडी बागेच्या कामाला लावताना

(शेतकरी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पुण्यात सदाशिव पेठेत राहतो. तिथल्या एका जुन्या वाड्याच्या चौकात मोटारी भरण्याचे माझे काम चालते. पेठेतल्या माणसाने शेतकऱ्याला काय शिकवावे, असे तुम्ही म्हणाल. पण विहिरीवरची मोटार जळाली की ती आमच्यासारख्याकडेच येते, तेव्हा थोडी ओळख आहेच म्हणा.

माझ्या मामांची पुरंदर तालुक्यात अंजिराची बाग आहे. मामांचे वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले. अंजीर एकदा पिकले की थांबत नाही. पहाटे तोडायचे, आणि दणका न बसू देता शेडपर्यंत न्यायचे. मामांनी एका भंगारवाल्याकडून गोल्फच्या मैदानावरची मोडीत निघालेली गाडी घेतली आणि टेम्पोत घालून थेट वाड्यात आणली. म्हणाले, "अरे, एवढी चालती करून दे. नाहीतर यंदा बाग वाट्यानं लावून टाकतो."

ही गाडी म्हणजे खेळाडूंना मैदानावर फिरवणारी, दोन आसनांची, बॅटरीवर चालणारी गाडी. जुन्या गाड्यांत ६ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या ओळीने जोडून ३६ व्होल्ट करतात. धूर नाही, आवाज नाही, चाके रुंद, त्यामुळे बागेच्या बोळांतून जायला सोयीची. पण ती बनवलेली असते दोन माणसे आणि त्यांच्या पिशव्या एवढ्याच ओझ्यासाठी. मामांना मागे पाच क्विंटलची फळी हवी होती. मी साफ नाही म्हटले.

पहिल्यांदा बॅटरीकडे पाहू नका, चौकटीकडे पाहा. बॅटरीतले आम्ल वर्षानुवर्षे खाली झिरपते आणि बैठकीखालचे लोखंड खाते. आमच्या गाडीत स्क्रू-ड्रायव्हर टोचला तो आरपार गेला. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून सगळे धुतले, गंज खरवडला, कुजलेला पट्टा कापून नवा अँगल वेल्डिंग केला. वेल्डिंगच्या आधी बॅटऱ्या आणि वायरी बाहेर काढायच्या, हे सांगायला नकोच. मग ब्रेक. जुन्या गाड्यांना बहुधा फक्त मागच्या चाकांना, तारेवर ओढले जाणारे ब्रेक असतात. तारा आणि लायनर बदलल्याशिवाय उतारावर जाऊ नये.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पंचवीसएक वर्षांपूर्वी 'इलेक्शा' नावाची विजेवर चालणारी रिक्षा तयार केली, तेव्हा जुन्याच सायकल रिक्षावर मोटार ठोकून ते मोकळे झाले नाहीत. नेहमीच्या रिक्षाची चौकट कमजोर, ब्रेक अपुरे, हे त्यांनी आधी पाहिले. आपल्याकडे अजूनही उलटे चालते. आधी मोठी मोटार, मग हाडे मोडल्यावर ब्रेक.

आता मोटार. बहुतेक जुन्या गाड्यांत सीरीज जातीची डीसी मोटार असते. ही ओझ्याला बळकट, पण बिनओझ्याची सोडली तर वेग वाढतच जातो आणि आर्मेचर फुटते. म्हणून चाके उचलून पूर्ण पायडल दाबून पाहू नका. मोकळी मोटार तपासायची तर १२ व्होल्टवर, क्षणभरच. कार्बन ब्रश झिजले असतील तर बदला. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर लेथवर हलकासा घासून घ्या.

फार जुन्या गाडीत वेग कमी करण्यासाठी तारेचे जाड वेटोळे असते. हळू चालवताना वीज त्या वेटोळ्यात उष्णता होऊन वाया जाते. आपण बागेत सदा हळूच चालवणार. म्हणून ते काढून इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवणे हा पैसा वसूल होणारा खर्च आहे. जाड केबल, लग आणि फ्यूज तापकीर गल्लीत मिळाले, नटबोल्ट बोहरी आळीत. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा.

बॅटरी कोणती घ्यावी? लोक भाव विचारतात. मी वीज विचारतो. शिशाची बॅटरी स्वस्त, पण तिला पूर्ण चार्ज व्हायला ८-१० तास लागतात आणि अर्धवट भरलेली ठेवली की प्लेटांवर पांढरा थर धरून ती मरते. रोज निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही. पाणी डिस्टिल्डच, तेही चार्ज झाल्यावर. बोअरचे पाणी घातलेत तर बॅटरी गेलीच समजा. वस्तीवर रात्रभर घरगुती वीज टिकत असेल, तर शिशाची जरूर घ्या.

मामांकडे वीज येते आणि जाते. म्हणून आम्ही लोह-फॉस्फेट जातीची लिथियम बॅटरी घेतली. अर्धवट चार्ज तिला बाधत नाही. ३.२ व्होल्टचे १२ सेल म्हणजे ३८.४ व्होल्ट. शिशाच्या २२५ अँपिअर-तासांतले निम्मेच वापरायचे असतात, त्यामुळे लिथियमचे १०० पुरतात. जुन्या सहा बॅटऱ्यांचे वजन दीड क्विंटलच्या वर होते, नवीचे ४० किलोच्या आसपास. मात्र प्रत्येक सेलवर नजर ठेवणारे बीएमएस सर्किट आणि लिथियमचाच चार्जर हवा. मोटार सुरू होताना लागणारा करंट ते सर्किट सोसेल ना, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.

एक माझीच चूक सांगतो. जुन्या बॅटऱ्या सोडवताना माझ्या हातून पाना दोन टोकांवर आडवा पडला. ठिणगी उडाली, पान्याचे टोक वितळले. बोटावर डाग अजून आहे. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो, बंद खोलीत ती ठिणगी पडली असती तर हे भाषण झाले नसते. पान्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, अंगठी काढून ठेवा, चार्जिंग उघड्या शेडमध्ये करा, तिथे बिडी नको. निकामी बॅटऱ्या विक्रेत्याला परत द्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे त्या अधिकृत मार्गानेच गेल्या पाहिजेत. आम्ल ओढ्यात ओतू नका, शिसे विहिरीत उतरते.

आणि ही गाडी कुंपणाबाहेर काढायची नाही. नोंदणीतून सूट आहे ती २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीला. गोल्फगाडीची मोटार त्याहून कितीतरी मोठी असते.

मामांनी बाग वाट्याने दिली नाही. पहाटे पाट्यांखाली गोणपाट अंथरून स्वतः गाडी हाकतात. फक्त बागेच्या खालच्या अंगाला चिकण माती आहे, तिथे पावसात चाक रुतते. रुतल्यावर पायडल दाबून धरले तर थांबलेल्या मोटारीचा कॉम्युटेटर एकाच जागी जळतो. अशा वेळी पाय काढायचा आणि माणसे बोलवायची. मागच्या आषाढात मामांना दोनदा बोलवावी लागली, तिसऱ्यांदा त्यांनी मुरूम टाकून घेतला.