काचेवरची रेघ



देवाच्या तसबिरीला नवी काच बसवायला लहानपणी कधी काचवाल्याकडे गेला असाल, तर तो आवाज तुमच्या कानात अजून असेल. लाकडी पट्टी, रॉकेलमध्ये बुडवून घेतलेली काच कापायची कलम आणि सलग, बारीक ‘सर्रर्र’. मग अंगठ्यांचा दाब, आणि काचेचे सरळ दोन तुकडे. मधेच आवाज खरखरला की कारागिराच्या कपाळाला आठी पडे. रेघ बिघडल्याचं डोळ्यांआधी कानांना कळे.

खरं तर काच कुणी कापत नाही, ती तोडतात. कलमेनं वरच्या थरात चीर पडते. काच वाकवली की सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि चीर आरपार धावते. इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920 च्या सुमारास या चिरांचं गणित मांडलं. काचवाल्याच्या अंगठ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं!

काच कापायचं संगणकावर चालणारं यंत्रही चीरच पाडतं. फ्लोट, म्हणजे खिडकीच्या सपाट काचेची मोठी शीट सहा मीटर लांब आणि 3.21 मीटर रुंद असते. पाच मिलिमीटर जाडीची असेल तर वजन सुमारे 240 किलो. यंत्राच्या टेबलाच्या भोकांतून हवा सोडली की ती अलगद सरकते. वरच्या डोक्यात काही मिलिमीटरचं कार्बाइडचं चाक असतं. जाड काचेला बोथट कोनाचं चाक लागतं, पातळ काचेला त्याहून धारदार. मिनिटाला शंभर मीटरहून जास्त वेगानं धावतानाही दाब तसूभर बदलत नाही.

पण मला या यंत्राचं सर्वांत मोठं कौतुक वाटतं ते आखणीसाठी. शिंप्याला कापड मधूनच वळवून कापता येतं. काचेची सरळ चीर मात्र एका कडेला सुरू झाली की दुसऱ्या कडेलाच संपते. अशा अटीत पन्नास खिडक्यांची मापं एका शीटमध्ये कशी बसवायची? गिलमोर आणि गोमोरी या गणितज्ञांनी 1965 साली या कोड्याची रीत दाखवली. आज संगणक क्षणात मांडणी देतो. वाचलेला प्रत्येक तुकडा म्हणजे दीड हजार अंशांच्या भट्टीत वितळवलेली वाळू वाचली.

माप मात्र माणसानंच नीट घ्यायला हवं. विशेषतः टफन्ड काचेचं, कारण चुकलं तर नंतर सुधारता येत नाही. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून झपकन गार करतात. त्यानंतर तिला कलम लावली तर तिचे दाणे होतात. म्हणून कापणं, घासणं, भोकं पाडणं सारं आधी.

आणि तोडणं? अनेक कारखान्यांत रेघ यंत्र मारतं, काच तोडतात हातच. रेघेखाली दांडा वर येतो, दोघे जण कडा धरून दाब देतात. त्या दोघांना जाड हातमोजे आणि कोपरापर्यंतच्या बाह्या हव्यातच. यंत्र घेणाऱ्या प्रत्येक मालकाला माझी विनंती आहे: त्या बाह्या यंत्राच्या आधी आणा.