साधी मालगाडी कोठे मिळेल?



'टेम्पो' हा शब्द आपण आज मराठीच समजतो. पण तो मूळचा जर्मनीतील हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचा. त्याच्या सहकार्याने फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. तिची तीनचाकी गावोगाव गेली आणि लहान मालगाडीला तेच नाव पडले. नाव टिकले; तसली साधी गाडी मात्र आता शोधावी लागते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील लहान यंत्रमागधारकाची गरज पाहा. सूत रंगाईला न्यावयाचे, बीम आणावयाचे, टॉवेल शिलाईला पोचवावयाचे, गठ्ठे ट्रान्सपोर्टवर टाकावयाचे. सारा फेरा गावातल्या गावात. दोघांची बैठक, सपाट हौदा, उघडणारा फाळका आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला उमजेल असे इंजिन, एवढे त्याला पुरते.

२००५ साली टाटांची 'एस' आली ती नेमकी अशी होती. दोन सिलिंडरांचे सुमारे ७०० सी.सी.चे इंजिन, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. 'छोटा हत्ती' म्हणून ती सर्वांस ठाऊक झाली. पुढे एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. इंधनातील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. हवा स्वच्छ हवी याविषयी आमचे दुमत नाही. ती हवा आपलीच मुले घेतात. पण त्याबरोबर इंजिनावर संवेदक आणि नियंत्रक चढले, किंमत वाढली, आणि पान्याने होणारी दुरुस्ती संगणकाशिवाय होईनाशी झाली. गाडी दोन दिवस अडली की माल पडून राहतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. मग भाड्याची गाडी बोलवावी लागते, आणि ते भाडे अखेर नफ्यातून किंवा मजुरीतून निघते.

ही अडचण आपल्यापुरती नाही. युरोपने कोंबड्यांवर कर बसविला म्हणून अमेरिकेने १९६४ साली परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात लावली. साठ वर्षे लोटली तरी ती उठलेली नाही, आणि तेथे लहान ट्रक दुर्मिळ झाले. जपानात मात्र ६६० सी.सी.चे चिमुकले ट्रक शेतकरी आजही वापरतात, कारण तेथील कायद्याने त्यांना वेगळा वर्ग दिला. म्हणजे साधी गाडी राहते की जाते, हे पुष्कळसे धोरणावर ठरते.

आपल्याकडेही वारे थोडे फिरले आहे. जून २०२५ मध्ये पाऊण टन वाहणारी 'एस प्रो' चार लाखांच्या आतल्या किमतीला जाहीर झाली. सप्टेंबरात मालवाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. परंतु खरेदी स्वस्त झाली म्हणून दुरुस्ती सोपी होत नाही. आमची सूचना अशी: यंत्रमागधारकांनी एकत्र येऊन तपासणीचे यंत्र सामाईक घ्यावे, वसाहतीतील मिस्त्र्यांना आयटीआयमार्फत नवे शिक्षण द्यावे, आणि आपल्याला कसली गाडी हवी ते उत्पादकांना लेखी कळवावे. एकट्या गिऱ्हाइकाचे कोणी ऐकत नाही. शंभरांचे ऐकावे लागते. सहकार सोलापूरला शिकवावा लागू नये.