शेळीचा पाला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. बोलण्यात काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

शेळी काहीही खाते आणि पचवते, असे आपण म्हणतो. मीही म्हणत असे. २०१६ च्या उन्हाळ्यात कडबा परवडेना. शेळ्या मोकळ्या सोडाव्यात तर कोणाच्या तरी वेलावर तोंड टाकणार, मग भांडण. (या सभेतही दोघी-तिघी हसताहेत!) म्हणून मी तिन्ही शेळ्या बांधून ठेवल्या आणि बांधावरच्या बाभळीचे डहाळे तेवढे घातले. पोटे भरलेली दिसत, पण शेळ्या वाळू लागल्या. लेंड्या खडखडीत झाल्या. नुकत्याच व्यालेल्या शेळीचे दूध आटले आणि तिच्या दोन करडांतले एक गेले.

जनावरांच्या डॉक्टरांनी मला समजेल असे सांगितले. शेळीच्या पोटाला चार कप्पे. त्यांतल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोटीपोटात, डोळ्यांना न दिसणारे जीव पाला आंबवतात आणि शेळी रवंथ करून तो बारीक करते. बाभळीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. कातडे कमावायला बाभळीची साल लागते ती त्याचसाठी. ते कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरते, तसेच पाल्यातल्या प्रथिनांनाही. शेळीला हा तुरटपणा गाईपेक्षा अधिक सोसतो. थोडा असला तर जंतांनाही आळा बसतो. पण रोज तेच पोटभर गेले, की पाल्यात सत्त्व असून अंगी लागत नाही.

तेव्हा सासूबाई आठवल्या. त्या शेळ्यांना एका झुडपापाशी थांबूच देत नसत. चार तोंडे बोरीची, दोन बाभळीची, की पुढे हाकायच्या. मला वाटे, म्हातारीला उगीच घाई!

शेवरी व हादगा यांचा पाला मऊ, लवकर पचणारा. वाळलेल्या शेवरीच्या शंभर भागांत प्रथिने वीसाच्या वर, कडब्यात जेमतेम तीन-चार. त्या पावसाळ्यात न्हाणीच्या पाण्यावर मी शेवरी लावली. आता सकाळी शेवरी, दुपारी बोर, बाभूळ किंवा उंबर थोडा थोडा, सोबत मूठभर कडबा आणि पाणी भरपूर. कण्हेर मात्र जवळपासही नको, ती विषारी.

वाचलेले ते करडू पाट होते. तिच्या वंशातल्या दोन शेळ्या आज दारात आहेत. धाकटी उंबराला तोंडही लावत नाही.