फरशीखाली काय आहे?



शाळेच्या दोन खोल्यांचा खर्च आम्ही सभासदांपुढे ठेवला, तेव्हा एका काकांनी सरळच विचारलं, "अहो, आम्ही पैसे देतोय ते विटा-सिमेंटला. नकाशे, माती परीक्षण, देखरेख यांत शंभरातले दहा युरो कशाला घालायचे?" प्रश्न रास्त आहे. देणगीचा पैसा घामाचा असतो. म्हणून कार्यकारिणीच्या वतीने आज आम्ही त्याचंच उत्तर देतो आहोत.

उत्तर शोधायला लांब जायला नको, ते आपल्या फिंगलमध्येच आहे. २००७ च्या सुमारास उत्तर डब्लिनमधल्या नव्या कोऱ्या घरांच्या जमिनी फुगू लागल्या, दारं अडकू लागली, भिंतींना तडे गेले. दोष विटेचा नव्हता, गवंड्याचाही नव्हता. फरशीच्या काँक्रीटखाली भरलेल्या खडीत पायराइट नावाचं खनिज होतं. हवा आणि ओल लागली की त्यातून आम्ल तयार होतं, आम्लाचा चुनखडीशी संयोग होऊन जिप्सम बनतं आणि जिप्समला जागा जास्त लागते. मग फरशी वर उचलली जाते. २०१२ च्या सरकारी समितीने अशा ७४ वसाहती नोंदवल्या. २०१३ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला. घर रिकामं करायचं, फरशी फोडायची, सगळी खडी उपसून नवी भरायची! ज्यांनी हे भोगलंय त्यांना आम्ही काय सांगावं? १ मार्च २०१४ पासून इथे बहुतेक नव्या बांधकामांसाठी नकाशे, तपासणीचा आराखडा आणि शेवटी सही करून जबाबदारी घेणारा माणूस, हे सगळं आलं. ठेच लागल्यावर आलं, एवढंच.

आता आपली शाळा. ती आहे लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, काळ्या मातीत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत हात जावा इतकी. म्हणजे इथल्या खडीने जे केलं तेच तिथली माती दरवर्षी करते, फुकटात! माती किती खोलवर आहे हे खणून पाहिल्याशिवाय ती कुठवर काढायची, मुरूम किती भरायचा, जोत्याला बीम कसा द्यायचा, हे कोण सांगणार?

शिवाय किल्लारी याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. माळवदाच्या घरांच्या जाडजूड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या. आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, आणि वर मातीच्या छताचं ओझं. थर सुटले, माळवदं कोसळली, सुमारे ८ हजार माणसं गेली. तोवर भूकंपाच्या अधिकृत नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या पट्ट्यात आला. अशा गावात मुलांच्या डोक्यावर स्लॅब टाकायचा तर "आमचा मिस्त्री अनुभवी आहे" एवढ्यावर आम्ही सही करणार नाही. मिस्त्री अनुभवी आहेच, पण दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून सलग जाणारी काँक्रीटची पट्टी कुठे, सळई किती जाडीची, रिंगा किती अंतरावर, हे त्याला कोणीतरी काढून द्यायला हवं ना?

तर त्या दहा युरोंत काय येतं, ते सांगतो. मातीचा अहवाल, पायाचा आणि सळयांचा नकाशा, आणि काँक्रीट ओतण्याआधी इंजिनीअरची प्रत्यक्ष भेट. ही भेट सर्वांत महत्त्वाची, कारण ओतल्यावर आतलं काही दिसत नाही. त्या दिवशीचे फोटो आणि मेजरमेंट बुकातल्या नोंदी आम्हाला इथे मिळतील. त्या जुळल्यावरच पुढचा हप्ता जाईल. एक आग्रह आम्ही धरला: नकाशावरच्या सूचना मराठीत लिहा. इंग्रजी नकाशा साहेबाच्या पिशवीत राहतो आणि गवंडी अंदाजाने बांधतो, हे आपण सगळ्यांनी गावाकडे पाहिलंय.

जोत्यापर्यंतचं काम मेअखेर व्हायला हवं. एकदा पाऊस लागला की काळ्या मातीत पायसुद्धा ठेवता येत नाही, आणि मुलं आणखी वर्षभर देवळाच्या मंडपात बसतील. माती परीक्षणाचे पैसे याच महिन्यात पाठवायचे आहेत, म्हणून आजची पेटी आधी त्यासाठी उघडू.

नकाशांची फाइल चहाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. काका, पहिलं पान तुम्हीच उलटा.